परतीची वेळ आधी ठरवा, सायकल नंतर घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या त्रिमूर्ती नगरात घर, शहराबाहेरच्या मिहानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी, संध्याकाळी अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल. घरात बायको, आई आणि चार वर्षांची मुलगी. वजन वाढतंय, पाठ दुखते, म्हणून सायकल सुरू करायची आहे. चाळीस हजारांत कोणती सायकल घ्यावी, सोबत हँडलवर लावायचा जीपीएस कॉम्प्युटर घ्यावा की स्मार्टवॉच, ऑफिसला रोज सायकलनेच जावं का, आणि बायको विचारते त्याला काय उत्तर द्यावं: "तू लॅपटॉपवरून उठतो अन् सायकलवर बसणार, मग घरात कधी राहणार?"

मी वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय, त्यातली बहुतेक नागपुरातच, आणि जवळपास तेवढीच वर्षं सायकल चालवतोय. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर ठरलं की बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

सायकल सुरू करणारा माणूस निघायची वेळ ठरवतो. पाचचा अलार्म लावतो, कपडे रात्रीच काढून ठेवतो, मित्रांना कळवतो. घरच्यांना मात्र तुम्ही किती वाजता निघालात याच्याशी काही घेणंदेणं नसतं. मुलीची व्हॅन यायच्या वेळी, डबा भरायच्या वेळी, आईच्या बीपीच्या गोळीच्या वेळी तुम्ही घरात आहात की नाही, एवढंच त्यांच्या कामाचं. म्हणून घरी फक्त एकच वेळ सांगा: परत येण्याची. "पावणेसातला मी दारात" म्हणालात तर पावणेसातलाच दारात असा. पाच किलोमीटर कमी झाले तरी हरकत नाही, हवं तर अर्ध्या रस्त्यातून फिरा. पहिल्या तीन-चार महिन्यांत हा शब्द एकदाही मोडला नाही, तर पुढे रविवारी रामटेकला जायचं म्हटल्यावर घरात कुणी कपाळाला आठ्या घालणार नाही.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. तुम्ही मंगळवार, गुरुवार आणि शनिवार घेतला, तर सोमवार, बुधवार आणि शुक्रवारची तीच सकाळ बायकोची. ती फिरायला जाईल, योग करेल किंवा झोपेल, तो तिचा प्रश्न. त्या दिवशी मुलीला उठवण्यापासून व्हॅनमध्ये बसवण्यापर्यंत सगळं तुम्ही करायचं, "हिचा मोजा कुठे आहे?" असं न विचारता. माझ्या पाहण्यातली सायकली सुटलेली बहुतेक माणसं याच जागी अडकली. त्यांनी वेळ मागून घेतला, परत दिला नाही.

आता तुमचं घड्याळ बघू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे असतं. त्यामुळे तिकडची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते घड्याळ मागे घेतात आणि तीच मीटिंग आपल्याकडे साडेसातला सरकते. वैताग येतो खरा, पण सायकलीसाठी हे आपल्या सोयीचंच आहे. नागपुरात मे-जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि जानेवारीत जवळजवळ सातला. म्हणजे उन्हाळ्यात कॉल लवकर संपतो आणि उजाडतंही लवकर, तर हिवाळ्यात कॉल उशिरा आणि उजाडणंही उशिरा. झोप न तोडता दोन्ही ऋतू जमतात, फक्त वर्षातून दोनदा सायकलीचं वेळापत्रकही बदलायला हवं. बारा महिने पाचचाच अलार्म ठेवणारा माणूस डिसेंबरात अंधारात, कडाक्याच्या थंडीत, अर्धवट झोपेत रस्त्यावर असतो. त्याची गरज नाही. हिवाळ्यात आठवड्यातले दिवस कमी करून शनिवार-रविवार मोठे करा.

ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे बिघाड झाला की लगेच कामाला बसायची पाळी असेल तर नियम सोपा ठेवा: अर्ध्या तासात लॅपटॉपसमोर पोचता येईल एवढ्याच परिघात फिरायचं. त्रिमूर्ती नगरातून अंबाझरी, तिथून फुटाळा, सेमिनरी हिल्सचा छोटा चढ, आणि रवी नगर-शंकर नगरकडून परत. वीसेक किलोमीटर होतात आणि कुठल्याही टप्प्यावरून घर जवळ असतं. तो चढ दोन-तीनदा केलात तर व्यायाम पुरेसा होतो. आठवडा मोकळा असेल तेव्हा काटोल रोडने गोरेवाड्याकडे जा, किंवा अमरावती रोडने वाडी ओलांडून बाजारगावच्या दिशेने. पुढे हिंमत वाढली की कळमेश्वर-धापेवाडा करून अदासा. आणि रामटेक तर आहेच. जवळपास पन्नास किलोमीटर सपाट चालवून शेवटी गडाचा चढ लागतो, तो पाय दुखत असेपर्यंत लक्षात राहतो. खुल्या रस्त्यावर जाताना वारा तोंडावर असेल अशी दिशा निवडा. येताना तो पाठीशी राहतो आणि सांगितलेल्या वेळेला घरी पोचता येतं. उलटं केलंत तर जाताना स्वतःच्या वेगावर खूश व्हाल आणि परतताना दर किलोमीटरला घड्याळ बघाल.

सायकलीबद्दल माझं मत पक्कं आहे: हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली), पुढे सस्पेन्शन नसलेली, ३२ ते ३८ मिलिमीटरचे टायर बसतील अशी. २५ ते ४० हजारांत चांगली मिळते. पूर्ण चाळीस हजार सायकलीतच घालवू नका, आठ-दहा हजार सोबतच्या वस्तूंना लागतील. रोड बाइकचे बारीक टायर दिसायला देखणे असतात, पण आपले सिमेंट रस्ते आठवा. दोन पॅनलच्या मधली लांब फट, रस्त्याची कड आणि बाजूचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्यातला चार बोटं खोल उतार, चौकाजवळ डांबर आणि सिमेंट भेटतात तिथली पायरी. २३-२५ मिलिमीटरचा टायर अशा फटीत बसला की हँडल हातात राहत नाही. ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) हवा ठेवली तर अर्धे धक्के टायरच खातो. पुढच्या सस्पेन्शनचं वजन मग कशाला वाहायचं? स्वस्त सस्पेन्शन दोन पावसाळ्यांत गंजून आखडतं, ते वेगळंच.

दुकानात गिअर मोजत बसू नका, साइज बघा. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. सीटची उंची ठरवताना पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र कलायला नको. नंतर पंजा पेडलवर ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. आपल्या धंद्यातल्या लोकांनी तळहातांकडे विशेष लक्ष द्यावं. दिवसभर कीबोर्डवर असलेली मनगटं सायकलीवरही वाकलेलीच राहिली, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळव्याच्या त्या कडेला अल्नर नर्व्ह नावाची नस दबते. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं. आधी सीट पाणसळीने सपाट करा, फोनमधली पाणसळसुद्धा चालते. जाड ग्लोव्ह त्यानंतर. सायकल बंद केल्यावरही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा, ते अंगावर काढू नका.

आता गॅजेट्स. तुम्ही सगळ्यात जास्त त्याबद्दल विचारलंय आणि मलाही त्यांची आवड आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पण खरेदीचा क्रम परतीच्या वेळेवरूनच ठरवा. पहिल्या दिवशी हेल्मेट, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा, एक जास्तीची ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून सोडवायच्या पट्ट्या), छोटा हातपंप आणि कुलूप. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात, पंक्चर होणारच. घरी, दिवसाउजेडी, मुलीला शेजारी बसवून मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव करा. मागचंच, कारण चेन आणि गिअरमुळे अवघड तेच असतं. पंधरा मिनिटांत जमायला लागलं की परतीच्या वेळेत तेवढी सवड धरून चला. काटा काढायच्या आधी नवी ट्यूब घालू नका. टायरच्या आतून बोट फिरवा, हळूच.

जीपीएस कॉम्प्युटर पहिल्या सहा महिन्यांत नको. फोन खिशात ठेवून स्ट्राव्हासारख्या ॲपवर नोंद होते, ती पुरते. फक्त त्या नोंदीत काय असतं ते डेव्हलपर म्हणून एकदा उघडून बघा, मजा येईल. जीपीएक्स फाइल म्हणजे साधं एक्सएमएल असतं: प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. अक्षांशातलं दशांश चिन्हापुढचं पाचवं स्थान म्हणजे साधारण १.१ मीटर आणि सहावं सुमारे ११ सेंटिमीटर. शंकर नगर चौकात सिग्नलला तुम्ही दीड मिनिट थांबलात, तरी त्या दीड मिनिटाचे बिंदू एका जागी राहत नाहीत, दर सेकंदाला मीटर-दोन मीटर इकडे तिकडे उडतात. लागोपाठच्या बिंदूंमधलं अंतर हॅवरसाइन सूत्राने (अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र) काढून सगळं मिळवलंत, तर सायकल उभी असताना किलोमीटर चढलेले दिसतात. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. त्याच्या खालून गेल्यास फोनला आकाशातले उपग्रह दिसत नाहीत आणि रेषा शेजारच्या इमारतींतून जाते. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर बिंदू गाळायचा, शेजारच्या बिंदूंची सरासरी घ्यायची, अशी पायथॉनमध्ये पन्नास ओळींची स्क्रिप्ट लिहा. एका दुपारचं काम आहे, आणि ॲप जे आकडे दाखवतं ते कसे बनतात हे त्यातून जेवढं कळतं, तेवढं दुसऱ्या कशातून कळणार नाही. उंचीच्या आकड्याचंही तसंच. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि बऱ्यापैकी सपाट आहे, तरी फोनच्या जीपीएसने मोजलेली उंची सपाट रस्त्यावर डोंगर दाखवते. दाब मोजणारा सेन्सर असलेल्या उपकरणात हे बरंच कमी होतं. त्या आकड्यांवरून मित्रांशी चुरस लावू नका.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी करा: घराभोवतीचा नकाशा लपवा. ॲपमध्ये सुरुवात आणि शेवट झाकायची सोय असते. २०१८च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या जागतिक हीटमॅपवरून (सगळ्यांच्या नोंदी एकत्र दाखवणारा नकाशा) लष्करी तळांच्या आतल्या वाटा लोकांनी ओळखल्या होत्या, त्याही कुणी नाव न सांगता, नुसत्या पळण्याच्या रेषांवरून. तुमचं घर, तुमचा रोजचा वेळ आणि तुम्ही घरात नसण्याचे दिवस, हे सगळं त्या नोंदींत असतं.

बायकोला मात्र तुमचं ठिकाण दिसू द्या. व्हॉट्सॲपच्या लाइव्ह लोकेशनला एक तासाचा पर्याय आहे, मोठ्या फेरीला आठ तासांचा. त्याने बॅटरी खर्च होते, म्हणून लांब जायचं असेल तर खिशात छोटी पॉवर बँक ठेवा. हृदयाचे ठोके मोजायचेच असतील तर छातीचा पट्टा घ्या. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने रक्तप्रवाह बघतं, आणि हँडल घट्ट धरलं, रस्ता खडबडीत असला की त्याचं वाचन ढळतं. पट्टा विद्युत संकेत वाचतो, त्याला तो त्रास कमी. नवख्याला मात्र तोही लागत नाही. सायकल चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर. सोबतचा माणूस काही विचारतो आणि तुम्ही दोनच शब्दांत उत्तर देताय, तर हळू व्हा. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारा) आणि स्मार्ट ट्रेनर (घरात एका जागी सायकल चालवायचा) यांचं नाव पुढच्या वर्षी काढू.

मी पहिल्या महिन्यातच घ्यायला सांगेन अशी एक वस्तू म्हणजे स्टीलची फूटपट्टी, इंचांची. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणजे नव्या चेनच्या एका पिनेवर शून्य धरलं, तर चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर येते. चेन वापरली की पिना झिजतात आणि ती लांब होते. चोविसावी पीन बारा इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली की चेन बदला. एक अष्टमांश इंच गेली म्हणजे मागच्या गिअरचे दातही तिने खाल्ले, आता दोन्ही बदलावे लागतील आणि खर्च कितीतरी पट होईल. आमच्याकडे हे काम महिन्याच्या एका रविवारी पोर्चमध्ये होतं. मुलं लहान होती तेव्हा फूटपट्टी तीच धरायची, मी फक्त चेन ताणून धरायचो. पीन पुढे गेली का, हे सांगायचा मान ज्याच्या हातात पट्टी त्याचा. धाकटीला अपूर्णांक शाळेच्या आधी कळले ते असे. चेन पुसायला जुना टॉवेल, मग प्रत्येक कडीवर थेंबभर तेल, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाकायचं. वरून चोपडलेलं तेल धूळ धरतं. पावसाळ्यात गावाकडच्या रस्त्याने गेलात तर काळी माती चाक आणि मडगार्डमध्ये भरते, ती वाळायच्या आत धुवा. वाळल्यावर ती खरवडून काढावी लागते.

उन्हाळ्याबद्दल नागपूरकराला मी वेगळं काय सांगणार, पण सायकलीवर वारा लागतो म्हणून घाम कळत नाही. एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घर. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि तासाभरापेक्षा जास्त चालवणार असाल तर नुसतं पाणी नको. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. पाकिटातल्या महागड्या पावडरीची गरज नाही. घरी आल्यावर पन्हं. तर्री पोहे रविवारी, मित्रांबरोबर, थांबून, आणि तेही परतीच्या वेळेत धरून. तुमच्या उपकरणांचीही काळजी घ्या: लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं सांगतात, आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतच पारा तिथे पोचतो. दिवा आणि पॉवर बँक रात्री कूलरच्या खोलीत चार्ज करा, दुपारी कारमध्ये ठेवू नका.

रोज ऑफिसला सायकलने जावं का? लगेच नको. वर्धा रोडवर ट्रक आणि बस यांच्यामधून जाताना रस्ता आणि सायकल दोन्ही अंगवळणी पडलेली लागतात. मधला मार्ग चांगला आहे: घरून छत्रपती चौक किंवा जयप्रकाश नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत सायकल, तिथून खापरी, आणि पुढे मिहानच्या रुंद रस्त्यांवरून पुन्हा सायकल. नागपूर मेट्रोत सायकल घेऊन चढता येतं, फक्त गर्दीच्या वेळी शेवटच्या दाराशी उभे राहा. संध्याकाळचा कॉल घरून घ्यायची परवानगी मिळवलीत तर उजेड असतानाच परत याल. आठवड्यातून दोन दिवसांनी सुरुवात करा. ऑफिसात एक शर्ट आणि टॉवेल ठेवला की प्रश्न सुटतो.

लांब पल्ल्याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. आपल्याच गावातले डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेतली रेस ॲक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. समुद्रापासून समुद्रापर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या आत. तेव्हापासून नागपुरात सायकल हातात घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते नाव असतं, आणि ते चांगलंच आहे. तुमच्यासाठी पुढच्या हिवाळ्याचं लक्ष्य २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब फेरी, ठेवा. वेळ साडेतेरा तासांचा असतो, थांबे, पंक्चर, जेवण सगळं धरून. कुणाशी शर्यत नसते, सरासरी पंधराचा वेग पुरतो. पण तो पूर्ण दिवस घराबाहेर जातो, तेव्हा तारीख महिनाभर आधी बायकोला विचारून ठरवा, नुसती कळवू नका.

राहिला मुलीचा प्रश्न: तिला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं की स्वतःची सायकल द्यायची? स्वतःची द्या, आणि तुमच्या आधी द्या. बाजूची दोन चाकं लावू नका. त्यांनी पेडल मारता येतं पण तोल येत नाही, आणि शिकायचा असतो तो तोलच. बारा किंवा चौदा इंची चाकांची सायकल घ्या, दोन्ही पेडल काढून ठेवा, आणि सीट इतकी खाली आणा की बसल्यावर तिचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. घरासमोरच्या गल्लीत किंवा कॉलनीच्या मैदानात ती पायाने ढकलत फिरेल. पाय उचलून चार-पाच मीटर जायला लागली की पेडल परत लावा, बहुतेक मुलं त्यानंतर लगेच चालवतात. पेडल काढायला बहुधा पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनेच फिरवा, नाहीतर जोर लावून लावून आणखी घट्ट कराल. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सहज निघेल.